आधी उंदीर म्हणणारी नलू

फोन आला तेव्हा माझ्या टेबलावर एक लॅब्रेडॉर भुलीखाली होता आणि त्याच्या पोटाला शेवटचे चार टाके घालायचे राहिले होते. सकाळचे साडेदहा. बिबवेवाडीतल्या माझ्या दवाखान्यात त्या वेळी बाहेरच्या बाकावर माणसं आणि जनावरं सारख्याच कंटाळ्याने बसलेली असतात. मदतनीस बाईंनी फोन माझ्या कानाला लावून धरला. पलीकडे नलूचा भाचा समीर होता. "उषामावशी, आत्या गेली," एवढंच म्हणाला. सकाळचा चहा पिता पिता, खुर्चीतच... मी "येते" म्हटलं आणि ते चार टाके घातले. हात जरासुद्धा थरथरला नाही. पुढे कितीतरी दिवस मला त्याचंच वाईट वाटत राहिलं. मग वाटलं, हे नलूला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग काय, कुत्रा उघडा टाकून येणार होतीस?"

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांत तिला 'ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ' म्हटलं होतं. त्यातला 'ज्येष्ठ' तिने नक्की खोडला असता. नलिनी टिळेकर आणि मी पाचवीपासून एका बाकावर बसलो. सदाशिव पेठेतली शाळा, आणि तिचं घरही तिथून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. शेवटपर्यंत ती तिथेच राहिली. मी जनावरांची डॉक्टर झाले, ती प्राणिशास्त्राची प्राध्यापक. तिने लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर "पक्षी मोजण्यात वेळ गेला" म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. कोकणच्या किनाऱ्यापासून होडीने दीड तासावर दोन खडकाळ बेटं आहेत. तिथले मच्छीमार त्यांना थोरला खडक आणि धाकटा खडक म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर सुरय नावाचे समुद्रपक्षी विणीसाठी तिथे येतात आणि दगडांच्या कपारीत एकेक अंडं घालतात. होड्या बंद व्हायच्या आत नलू तिथे जाऊन घरटी मोजायची, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा जाऊन किती पिल्लं वाढली ते बघायची. दर वर्षी मला "चल" म्हणायची. दर वर्षी मी काहीतरी कारण काढायचे.

त्या खडकांवर मुळात चार पायांचं काहीच नव्हतं. उंदीर आले ते होड्यांमधून, जाळ्यांच्या ढिगात लपून. पुढे कधीतरी दिव्याचा मनोरा बांधायला मजूर गेले, त्यांनी उंदरांवर उपाय म्हणून मांजरं नेली आणि काम संपल्यावर तिथेच सोडली. थोरल्या खडकावर देवीचं एक लहानसं ठाणं आहे, तिथे गावातले लोक नवसाच्या बकऱ्या सोडतात. असे तीन उपरे. आणि त्यांच्या मधोमध हा पक्षी, ज्याच्या जगात दात असलेला शत्रू कधी नव्हताच. मांजर अगदी हातभर अंतरावर आलं तरी अंड्यावर बसलेली सुरय उठत नाही, असं नलू सांगायची, तेव्हा तिचा आवाज एकदम कोरडा व्हायचा.

तिच्या आयुष्यातलं मला सांगायचं आहे ते शेवटच्या दोन वर्षांतलं. थोरल्या खडकावरच्या सुरय वाचवण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिच्या बैठका पुण्यातच एका सरकारी कचेरीत व्हायच्या. पक्ष्यांची जाणकार म्हणून नलू होती, आणि जनावरांची डॉक्टर म्हणून तिनेच माझं नाव घातलं होतं. पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी सांगितलं की काम करायला एकच हिवाळा मिळेल, माणसंही मोजकीच. तिन्ही प्राणी काढणं जमणार नाही, कोणता काढायचा तो एक निवडा. अध्यक्ष निवृत्तीला आलेले सभ्य गृहस्थ होते, त्यांचा कल मांजरांकडे होता. कारण त्यांच्यासमोर एक जुना अहवाल होता. बारा वर्षांपूर्वी धाकट्या खडकावरची सगळी मांजरं पकडून आणली होती आणि काम यशस्वी झालं होतं, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. अहवाल लिहिणारीचं नाव नलिनी टिळेकर. तेच आता थोरल्यावर करू, असं सगळ्यांचं मत पडत गेलं. मी नलूकडे पाहिलं. ती खाली मान घालून पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. त्या दिवशी दोन तासांत ती "उंदरांचाही विचार व्हावा" याखेरीज एक वाक्य बोलली नाही. हे तिच्या स्वभावाला इतकं सोडून होतं की बाहेर आल्यावर मी तिला बरं नाही का म्हणून विचारलं. तिने स्कूटरला किक मारली आणि "रविवारी येते" म्हणाली.

रविवारी दुपारी ती आली. चप्पल काढायच्या आधीच, दारात उभ्या उभ्याच तिने बोलायला सुरुवात केली.

"धाकट्यावरची मांजरं काढली हे खरं आहे. पण त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मी तिथे गेले, तर एक पिल्लू नव्हतं. कपारीकपारीत फुटलेली अंडी. गवतातून उंदरांची पायवाट पडली होती उषा... पायवाट."

"मग अहवालात?"

"अहवालात मी 'प्रतिकूल हवामान' लिहिलं."

मांजरं अंड्यांवर बसलेले पक्षी मारत होती, हे तर खरंच होतं. पण तीच मांजरं उंदरांनाही आवरून होती. ती गेली आणि उंदरांना रान मोकळं मिळालं. मांजरं आधी काढा असं सांगणारी नलूच होती. त्या वर्षी पाऊस वादळी झालाही होता, त्यामुळे लिहिताना आपल्याला स्वतःलाच ते पटलं, असं ती म्हणाली. तिचं ते पहिलं मोठं काम होतं. वरच्या जागेसाठी तिचं नाव पुढे जाणार होतं. दोन वर्षांनी सुरय धाकट्या खडकावर उतरायच्याच बंद झाल्या, आणि तोवर अहवाल छापून झाला होता. इतकी वर्षं तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

आणि मी तिला काय सांगितलं? मी म्हटलं, हे उकरून काढायची गरज काय आहे, उंदीर आधी का काढायचे याची दुसरी दहा कारणं देता येतील. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. नलूने तेव्हा कुठे चप्पल काढली. मग म्हणाली, "दहा कारणं ते ऐकून घेतील. हातात मात्र तो अहवाल धरतील."

पुढच्या बैठकीत अध्यक्ष निर्णय लिहून घ्यायला सांगत होते तेव्हा नलू उभी राहिली. तिथे कोणी उभं राहून बोलत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्या बाईही थांबल्या. तिने जे मला सांगितलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं, पाच मिनिटांत, एकही विशेषण न वापरता.  मी तिच्या शेजारी बसले होते.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे आपण इतकी वर्षं आम्हांला खोटं सांगितलंत?"

"खोटं नाही. अर्धं सांगितलं. त्याने नुकसान जास्त झालं."

एका सदस्याने विचारलं, मग आज म्हणता आहात ते तरी पूर्ण कशावरून? प्रश्न झोंबणारा होता, पण चुकीचा नव्हता. नलूने पिशवीतून त्या वर्षीच्या तीन वह्या काढल्या आणि टेबलावर पुढे सरकवल्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली, "हे वाचा." वह्या हातोहात फिरल्या. वाचण्यात अर्धा तास गेला. मला माझं मत विचारलं तेव्हा मी उंदीर म्हणाले.  अखेर निर्णय फिरला. आधी उंदीर. मात्र त्याच बैठकीत नलूचं नाव समितीतून कमी झालं. काम तिने करावं, सही दुसऱ्याची राहील, असं ठरलं. तिने मान डोलावली. जिने उतरताना तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

आमचं भांडण झालं ते यानंतर. उंदरांसाठी विषाचे तुकडे पसरायचे, तर विष खाल्लेले उंदीर खाऊन मांजरंही तडफडून मरणार. म्हणून निवड उंदरांची झाली असली तरी ती मूठभर मांजरं आधी पकडणं भाग होतं. पकडून काय करायचं, यावर नलूचं उत्तर तयार होतं. मी खडकावर यावं आणि त्यांना इंजेक्शन देऊन शांतपणे संपवावं. मी नाही म्हटलं. मी जनावरं वाचवायला शिकले, असंही म्हटलं. ती म्हणाली, "सुरयही जनावरच आहे, फक्त तुझ्या टेबलावर कधी आली नाही." तीन आठवडे आम्ही बोललो नाही. पाचवीपासूनच्या मैत्रीत तीन आठवडे... शेवटी मीच फोन केला आणि सांगितलं, मांजरं इकडे पाठव, काय करायचं ते मी बघते.

बकऱ्यांचं तिने वेगळंच केलं. गावात जाऊन बसली आणि सांगितलं की बकऱ्या देवीच्या आहेत, त्यांना कोणी हात लावणार नाही. विष असेपर्यंत दोन महिने त्या किनाऱ्यावर पाहुण्या म्हणून आणा, मग परत नेऊन सोडा. अध्यक्षांना हे अजिबात आवडलं नाही. एकदा काढलेल्या बकऱ्या परत का न्यायच्या, असं त्यांनी पत्राने विचारलं. नलूने उत्तर लिहिलं की उंदीर होडीतून येतो, आणि होडीवर लक्ष ठेवायला कचेरीतून कोणी जाणार नाही, गावच ठेवणार आहे. बकऱ्या परत गेल्या. त्या अंडी तुडवतात हे तिला माहीत होतं. तो तोटा तिने विचार करून पत्करला.

मांजरं पकडायला लागल्यावर ती रोज संध्याकाळी किनाऱ्यावरून फोन करायची. आज तीन. आज दोन. खडकावर अकरा मांजरं असल्याचं पावलांवरून आणि कॅमेऱ्यांवरून ठरलं होतं. दहा मिळाली. अकरावी, एक राखाडी मादी, पिंजऱ्याजवळ येऊन बसायची आणि आत पाऊल टाकायची नाही. विष पसरायला समुद्र शांत हवा आणि खडकावर उंदरांना दुसरं खाणं कमी हवं. ते दिवस संपत आले होते. नलू तीन दिवस थांबली. चौथ्या संध्याकाळी फोनवर आधी नुसता वाऱ्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "उद्या सकाळी टाकतो आहोत." मी विचारलं, ती? "राहिली," म्हणाली आणि फोन ठेवला. त्या मांजरीचं पुढे काय झालं ते कोणी पाहिलं नाही. आम्हां दोघींना मात्र माहीत होतं.

दहा रानमांजरांसारखी मांजरं टेम्पोतून बिबवेवाडीत आली तो दिवस आमच्या गल्लीत अजून सांगितला जातो. दोन खोल्यांचा दवाखाना, मागे पत्र्याची शेड. पिंजऱ्यावरचं कापड उचललं की सगळीकडून फिस्कारणं सुरू. शेजारच्या शिंपीकाकांनी "डॉक्टर, वाघ कधी आणताय?" असं विचारून घेतलं. नलू एक दिवस आड स्कूटरवरून यायची. सहा मांजरं हळूहळू खायला लागली. त्यांतली चार पुढे शहराबाहेरच्या एका बंद गोदामात सोडली, दोन अजून माझ्या शेडमध्ये आहेत, आजही हात लावू देत नाहीत. उरलेल्या चारांनी अन्नाला तोंड लावलं नाही. नळीने भरवलं, सलाईन दिलं. बाराव्या दिवशी मी नलूला सांगितलं की आता हे त्यांना छळणं आहे.

तिने मला एकटीला करू दिलं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून एकेका मांजराला तिने स्वतः धरलं. मी म्हटलं, तू बाहेर बस. ती म्हणाली, "हे मी निवडलंय. मला बघू दे." तिसऱ्या मांजराने तिच्या मनगटावर ओरबाडलं, रक्त आलं, तरी तिने हात सैल केला नाही. चौथं झाल्यावर तिने चारही टॉवेल नळाखाली धुतले, पिळले, दोरीवर वाळत घातले आणि निघून गेली. तिने रडावं असं मला वाटत होतं. बहुधा मला रडायचं होतं म्हणून.

जूनच्या सुरुवातीला तिला हृदयविकाराचा पहिला झटका आला. डॉक्टरांनी होडीचं नावसुद्धा काढायचं नाही असं बजावलं. त्यामुळे नारळी पौर्णिमेनंतर खडकावर गेला तो दत्ताराम, तिचा होडीवाला, वीस वर्षं तिच्यासोबत घरटी मोजणारा. फोन आला तेव्हा मी सदाशिव पेठेत तिच्याकडेच होते. तिने फोन कानाला न लावता स्पीकरवर टाकला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. "पिल्लां आसत, मॅडम," दत्ताराम म्हणाला. "मोजूक जमणा नाय इतकी." नलूने त्याला आधी मोजायला सांगितलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली, आणि नळ बराच वेळ वाहत होता.

पण सुटका एवढ्यात नव्हती. उंदीर उरला आहे का हे कळावं म्हणून खडकावर शेंगदाण्याचं कूट मिसळलेले मेणाचे ठोकळे ठेवले होते. उंदीर असला तर तो कुरतडतो, दातांच्या जोडखुणा उमटतात. दिवाळीनंतर दत्तारामने एका ठोकळ्याचा फोटो पाठवला. कडेला खुणा होत्या. एक गाभण मादी उरली असली तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि दुसरा हिवाळा कोणी देणार नव्हतं. आम्ही दोघी फोनच्या पडद्यावर भिंग धरून तासभर बसलो. मला दात वाटत होते, पण तसं म्हणायची हिंमत होत नव्हती. ती म्हणाली, "फोटोवरून मी आता काहीही ठरवणार नाही." ठोकळा मागवला. पार्सल यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत ती जेमतेम जेवली, आणि मी तिची नाडी बघायच्या निमित्ताने रोज जात राहिले. पार्सल तिने माझ्या दवाखान्यात आणलं, माझ्याच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि आधी मला बघायला लावलं. खुणा वाकड्या होत्या, चिमटीत धरून तोडल्यासारख्या, एकाही ठिकाणी जोडीने नव्हत्या. खेकडा, मी म्हटलं. ती डोळा लावून किती वेळ बघत होती कोण जाणे. शेवटी उठली. "खेकडा," म्हणाली. मी पेढे आणू का विचारलं, तर दुसरा पावसाळा पार पडेपर्यंत काही म्हणायचं नाही, असं सांगून तिने तो ठोकळा पुन्हा नीट कागदात गुंडाळला.

दुसरा पावसाळा तिने पाहिला नाही. आमची शेवटची भेट ती जाण्याच्या आधीच्या गुरुवारी झाली, आणि त्यात आठवणीत ठेवावं असं काहीच नव्हतं. तिचा चष्मा दुरुस्तीला टाकायचा होता, आम्ही रिक्षाने गेलो, रिक्षावाल्याशी ती नेहमीप्रमाणे रस्त्यावरून भांडली. त्याआधी जिना उतरताना ती दोनदा थांबली होती. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. जनावर असतं तर लगेच टेबलावर घेतलं असतं.

मागच्या शनिवारी समीरने मला तिच्या वह्या घेऊन जायला बोलावलं. खोली अजून तशीच आहे. भिंतीला टेकवलेली लोखंडी कॉट, खिडकीशी टेबल, पंख्याच्या वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून वह्यांवर ठेवलेले समुद्रातले गोटे. वह्या बांधून झाल्या, निघताना कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद दिसला. मे महिन्यात खडकावर न्यायच्या सामानाची यादी होती, यंदाच्या मेची, तिच्या बारीक, उभ्या अक्षरांत. दोर. दोन भिंगं. मेणाचे ठोकळे. पाण्याचे कॅन. होडीचं नावसुद्धा काढू नका म्हणणाऱ्या डॉक्टरांना तिने यातलं अक्षर सांगितलं नसणार. सगळ्यात खाली लिहिलं होतं: 'उषाला होडी लागते. उलटीच्या गोळ्या घेणे. ती येत नाही म्हणेल, तरी घेणे.'

मी कॉटवर बसले. समीर दारात उभा होता. मग मी तिथूनच दत्तारामला फोन लावला. मॅडमच्या जागी यंदा कोण येणार, असं त्याने आपण होऊनच विचारलं. होड्या बंद व्हायच्या आधीचा आठवडा ठरला आहे. घरटी कशी मोजायची ते तो मला शिकवणार आहे. गोळ्या मी काल आणल्या.